विषाणूचे नवे रूप जुन्याची जागा कसे घेते?

अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन ही ग्रीक अक्षरे २०२१ या एका वर्षात आपल्या घराघरांत पोहोचली. एक रूप मागे पडून दुसरे पुढे का आले, हा प्रश्न मात्र अनेकांच्या मनात तसाच राहिला. आम्ही इतिहासाचे अभ्यासक आहोत. परंतु साथीचा इतिहास हाही कारणपरंपरेचाच इतिहास असतो. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

छपाईची कला येण्यापूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत असत. प्रत्येक नकलेत एखादे अक्षर चुके, पुढचा लेखक तीच चूक गिरवी आणि त्यातून पाठभेद निर्माण होत. करोना विषाणूचेही तसेच आहे. त्याची जनुकीय संहिता सुमारे ३०,००० अक्षरांची असून, माणसाच्या पेशीत शिरून तो तिच्या असंख्य नकला करवून घेतो. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्यापाशी आहे, तरी काही चुका निसटतात. यांनाच उत्परिवर्तने म्हणतात. बहुतेक उत्परिवर्तने निरुपयोगी किंवा विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखाद्या बदलामुळे त्याच्या पृष्ठभागावरील स्पाइक हे काटेरी प्रथिन पेशीत अधिक सहज शिरते, किंवा आपल्या शरीरातील प्रतिपिंडांना ओळखू येत नाही. यात विषाणूचा हेतू अथवा योजना काहीही नसते.

पुढचे काम गणित करते. समजा, निर्बंधांच्या काळात जुन्या रूपाचे १,००० रुग्ण आहेत आणि नव्या रूपाचे केवळ १०. जुन्या रूपाचे दहा रुग्ण सरासरी आठ जणांना संसर्ग देतात, तर नव्या रूपाचे दहा रुग्ण बारा जणांना. पाच दिवसांची एक फेरी धरली, तर बारा फेऱ्यांनंतर, म्हणजे दोन महिन्यांनी, जुन्या रूपाचे सुमारे ६९ रुग्ण उरतात आणि नव्याचे सुमारे ८९ होतात. एकूण संख्या १,०१० वरून १५८ पर्यंत उतरलेली असते. बाहेरून पाहणारा म्हणेल, साथ संपली. वस्तुतः नवे रूप या काळात जवळजवळ नऊपट झालेले असते आणि तेराव्या फेरीपासून एकूण आकडाही वर चढू लागतो. नव्याने जुन्याला मारलेले नसते; माणसांपर्यंत पोहोचण्याच्या शर्यतीत जुने केवळ मागे पडलेले असते.

ही उतरण आपण प्रत्यक्ष अनुभवली आहे. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत देशातील रुग्णसंख्या घटत होती. लग्नसमारंभ, सभा, बाजार पूर्ववत भरू लागले होते. त्याच सुमारास विदर्भात, विशेषतः अमरावतीत, रुग्ण वाढू लागले. बी.१.६१७ या वंशाची दोन भावंडे महाराष्ट्रात पसरत होती, कप्पा आणि डेल्टा. आरंभी कप्पाचे प्रमाण अधिक होते. एप्रिलपर्यंत डेल्टाने त्याला मागे टाकले. दिल्लीत आणि पंजाबात पसरलेल्या अल्फाचीही जागा डेल्टानेच घेतली. मे महिन्याच्या आरंभी देशात एका दिवसात ४ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्या लाटेने आपल्या वस्त्यांतून किती माणसे नेली, हे येथे सांगण्याची गरज नाही.

पुढे डेल्टाही मागे पडला, पण कारण निराळे होते. २०२१ च्या जून-जुलैमध्ये झालेल्या राष्ट्रीय रक्तद्रव सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती. डेल्टासाठी मैदान आक्रसले होते. नोव्हेंबरअखेरीस जगापुढे आलेल्या ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनात तीसहून अधिक बदल होते. पूर्वी आजारी पडलेल्यांना व लस घेतलेल्यांनाही तो संसर्ग देऊ शकत होता. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबईसारख्या शहरांत तो पाहता पाहता प्रबळ झाला. लसीमुळे गंभीर आजार व मृत्यू यांपासून मिळणारे संरक्षण मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिले.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. काळ जाईल तसा विषाणू सौम्यच होतो, असा नियम नाही. रुग्ण अत्यवस्थ होण्यापूर्वीच संसर्ग पुढे गेलेला असेल, तर त्याच्या मृत्यूने विषाणूचे काही अडत नाही. डेल्टा आधीच्या रूपांहून अधिक घातक होता, तरीही तोच पसरला.

दुसरी गोष्ट नावाची. डेल्टाला काही काळ ‘भारतीय विषाणू’ म्हटले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने जाहीर केली, तर अनेक देशांनी त्यांच्याच विमानांना बंदी घातली. एखादे रूप जेथे प्रथम ओळखले जाते तेथेच ते जन्मले असे ठरत नाही. तेथे तपासणी जागरूक आहे, एवढेच निश्चित होते. जन्मस्थानावरून कलंक लावण्याची रीत आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती असा कलंक टाळण्यासाठीही होती. कलंकाची भीती असली की माणसे आजार लपवतात, आणि लपवलेला आजार अधिक पसरतो.

जितके संसर्ग अधिक, तितक्या नकला अधिक आणि तितकी नव्या रूपांना संधी अधिक. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे, विषाणूला ही संधी सर्वाधिक मिळते. म्हणून हवेशीर घर, वेळेवर लस, आजारपणात मजुरी न बुडता विश्रांती आणि सर्वांना परवडणारी तपासणी या केवळ गरिबांच्या मागण्या नव्हेत. साऱ्या समाजाच्या आरोग्याची ती पूर्वअट आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ वा ग्रामसेवक आहेत, त्यांनी हे गणित आपापल्या वस्तीत समजावून सांगावे. पुढच्या साथीत आकडा उतरू लागला, तर तो कोणत्या रूपाचा उतरतो आहे, हे विचारणारे लोक गावोगावी असले पाहिजेत.