आधी जामीनदार शोधा

जंगलासाठी, तळ्यासाठी, एखाद्या पाड्यासाठी रस्त्यावर उतरायचं ठरवलं असेल, तर फलक रंगवायच्या आधी एक काम करा. न्यायालयात तुमच्यासाठी जामीनदार म्हणून कोण उभं राहणार, ते नाव पक्कं करा. तुमच्याबरोबर पाड्यावरचं कोणी येणार असेल, तर आधी त्याच्यासाठी जामीनदार शोधा आणि मग स्वतःसाठी. हे मी कायद्याचं पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्यावर एक खटला चालू आहे, आणि माझ्या शेजारच्या आरोपीच्या नशिबी जे आलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत राहतो. आमच्या मागे उपवन, उपवनच्या वर येऊरचा डोंगर. पाऊस सुरू झाला की पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुरडू, शेवळं घेऊन खाली उतरतात. माझी आई त्यांच्याकडून भाजी घ्यायची आणि ती कशी करायची तेही त्यांच्याकडूनच शिकायची. पाड्यांशी माझी ओळख अशी घरातून झाली. पुढे वनहक्काचे अर्ज भरायला, रेशनकार्डाची नावं दुरुस्त करायला मी वर जाऊ लागलो, आणि झाडांच्या प्रश्नातही ओघानेच आलो.

काही वर्षांपूर्वी ठाणे जिल्ह्यात एका रस्त्याच्या कामासाठी जुनी झाडं पाडायला सुरुवात झाली. जागा, कार्यालय, अधिकारी यांची नावं मी लिहीत नाही, कारण खटला चालू आहे. आम्ही लेखी हरकती दिल्या होत्या. त्यांचं उत्तर यायच्या आतच एका पहाटे करवती लागल्या. आम्ही झाडांभोवती हात धरून उभे राहिलो. तासाभराने गाडी आली, आम्हाला ‘चौकशीला’ म्हणून नेलं आणि संध्याकाळी कळलं की सरकारी कामात अडथळा आणि सरकारी नोकराला धक्काबुक्की असा गुन्हा दाखल झाला आहे. धक्काबुक्की कोणी केली नव्हती.

तेव्हाचं ते भारतीय दंड संहितेचं कलम ३५३. सरकारी नोकरांवरच्या हल्ल्यांना जरब बसावी म्हणून महाराष्ट्राने त्यातली शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली होती आणि खटला सत्र न्यायालयात चालेल अशी दुरुस्ती केली होती. हेतू चांगला असेल, पण झाडाला मिठी मारून उभ्या राहिलेल्या बाईलाही तेच कलम लागतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते १३२ झालं. गुन्हा तेव्हाही अजामीनपात्र होता, आजही आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो पोलीस ठाण्यात हक्काने मागता येत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो, आणि न्यायालय तो देतं तेव्हा बहुतेक वेळा जामीनदार मागतं.

आमच्यात फरक पडला तो इथे. माझा धाकटा भाऊ घराचे कागद, मालमत्ता कराची पावती आणि पगाराची स्लिप घेऊन हजर झाला, मी सुटलो. आमच्याबरोबर येऊरच्या पाड्यावरचा एक वारली तरुण होता. त्याला जामीन त्याच आदेशाने, त्याच रकमेचा मिळाला होता. पण त्याच्यासाठी उभं राहायला जे आले त्यांच्याकडे सातबारा नाही, घरपट्टी नाही, पगाराची स्लिप नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर राहतात ती कागदावर वनखात्याची. न्यायालयाने मोकळा केलेला माणूस कागदाअभावी आत राहिला. ज्या बंगल्यावर तो माळीकाम करायचा तिथे त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली. शेवटी आमच्या वसाहतीतले एक निवृत्त गृहस्थ त्याच्यासाठी उभे राहिले, तेव्हा तो बाहेर आला. त्या गृहस्थांचं झाडांच्या आंदोलनाशी काही देणंघेणं नव्हतं. ‘पोरगं आत का?’ एवढंच त्यांनी विचारलं.

ही अडचण जुनी आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाला जामीनदार म्हणून नाकारलं ते त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाला जामिनाच्या रकमेने तुरुंगात ठेवण्यावर कडक शब्दांत लिहिलं. ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले की जामीन मंजूर होऊनही आठवड्याभरात सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुमच्या वकिलाला या निर्देशांची आठवण करून द्या. वैयक्तिक जातमुचलक्यावर किंवा तात्पुरत्या रोख जामिनावर सोडण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करायला सांगा.

आरेचं प्रकरण आपल्या ठाण्यापर्यंत आलं होतं, हे पुष्कळांना आठवत नाही. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने आरेतल्या झाडांविषयीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी तोड सुरू झाली. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते, आरेच्या पाड्यांवरचे आदिवासीही होते. बायकांना भायखळ्याला नेलं आणि पुरुषांना ठाणे मध्यवर्ती कारागृहात. रविवारी जामीन झाला तो सात हजारांच्या बंधपत्रावर आणि पुन्हा आंदोलनात भाग घेणार नाही या हमीवर. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांना अट काय घातली ते पाहा. अजून काहीच सिद्ध झालेलं नसताना बोलण्याचा हक्क मात्र गहाण पडला. अशी अट आदेशात असेल तर ती नीट वाचा आणि ती बदलून घ्यायला वरच्या न्यायालयात जाता येतं हे लक्षात ठेवा. ‘सुटलो ना, जाऊ दे’ म्हणून विसरलात तर पुढच्या साध्या सभेला गेल्यावरही जामीन रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो.

आता जी धोक्याची गोष्ट सांगतो ती नव्या मुलांनी विशेष ऐकावी. लहान गुन्हा लहान राहत नाही. जमावबंदी मोडल्याचा एक, विनापरवाना सभेचा एक, अडथळ्याचा एक असे तीन-चार कागद जमले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६खाली तडीपारीची नोटीस निघू शकते. तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असते. आपल्या जिल्ह्याला हे हत्यार नवं नाही. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, त्यानंतर वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी काही वारली मारले गेले. आणि इंग्रज सरकारने किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. आदिवासी आणि त्याच्या बाजूने बोलणारा यांना एकमेकांपासून तोडायचं, हा त्या हुकुमाचा अर्थ होता. तडीपारीची नोटीस आली तर लेखी उत्तर द्याच. आदेश निघाला तर तीस दिवसांच्या आत सरकारकडे अपील करता येतं. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, ती ऊठसूट वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्रातल्याच दीपक डोंगरे प्रकरणात सांगितलं आहे. हा निकाल वकिलाच्या हातात द्या.

तडीपारीच्या बरीच आधी येते ती साधी नोटीस. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून तिला ‘१४९ची’ म्हणत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार १६८ची. ‘तुमच्या हातून दखलपात्र गुन्हा घडल्यास ही नोटीस तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल’ अशा धर्तीचा मजकूर असतो. ती घ्या. पोच म्हणून सही करा, पण सहीखाली तारीख, वेळ आणि ‘मजकूर मान्य नाही, प्रत मिळाली’ एवढं स्वतःच्या हाताने लिहा. दुसऱ्या दिवशी एक पानी उत्तर टपालाने धाडा. चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागणारी कारवाई, निराळी. ठाण्यासारख्या आयुक्तालयात विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडेच असतात, म्हणजे अहवाल ज्या खात्याचा, सुनावणीही त्याच खात्यात. तिथे पहिल्याच तारखेला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सही करून मोकळं व्हावंसं वाटतं. माझ्यासमोर अनेकांनी केली. करू नका. वकील लावायला वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे.

अटक झालीच तर कारणं लेखी मागा, तीही तुम्हाला कळणाऱ्या भाषेत. नोव्हेंबर २०२५मध्ये मिहीर शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हा २०१४च्या अर्नेशकुमार निकालाचा दंडक आहे. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलंच पाहिजे. आणि दंडाधिकारी ‘काही तक्रार आहे का’ विचारतात तेव्हा बोला. मार लागला असेल तर तिथेच सांगा. पाड्यावरचा माणूस त्या प्रश्नाला मान खाली घालून ‘नाही साहेब’ म्हणतो. त्याच्या शेजारी जो उभा असेल त्याने त्याला आधीच समजावून ठेवायला हवं.

मोबाइलबद्दल थोडं. आमचे मोबाइल जप्त झाले, आणि एका संतापलेल्या मुलाने आदल्या रात्री ग्रुपवर लिहिलेलं ‘मशीनच पेटवून देऊ’ हे वाक्य आरोपपत्रात आलं. त्याने काडीही ओढली नव्हती. ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा लिहा, राग समोरासमोर बोला. जप्ती पंचनाम्याची प्रत आणि त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आहे ना ते तपासा. घटनेचं चित्रीकरण मात्र जरूर करा, अखंड करा, आणि लगेच दुसरीकडे पाठवा. आमच्या खटल्यात वकील ज्यावर भिस्त ठेवून आहेत ते एका बाईने गॅलरीतून केलेलं चित्रीकरण आहे.

आणि कागद. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाडं तोडण्याआधी हरकती मागवाव्या लागतात, मुदत थोडी असते. वर्तमानपत्रातली ती बारीक जाहिरात रोज पाहायला एक माणूस नेमा. हरकत लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जपा. तुम्ही कायद्याच्या वाटेने आला होता आणि तुमचं ऐकलं गेलं नाही, हे पुढे न्यायालयात तो शिक्काच सांगतो. ठाणे–बोरिवली जुळा बोगदा आपल्याच डोंगराखालून जाणार आहे. येऊरच्या पाड्यांभोवती बंगले वाढत आहेत. असे प्रसंग पुन्हा येणारच.

दूरवर काय चाललं आहे तेही डोळ्यांसमोर असू द्या. गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर वनहक्काचं काम करणारा महेश राऊत जून २०१८मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पकडला गेला. सप्टेंबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाने जामीन देऊनही तो लगेच बाहेर येऊ शकला नाही. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य दिलेले स्टॅन स्वामी त्याच प्रकरणात तळोजा तुरुंगात होते. पार्किन्सनमुळे हाताने पेला धरता येत नसलेला ८४ वर्षांचा माणूस ५ जुलै २०२१ला जामिनाची वाट पाहत गेला. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला आडव्या गेलेल्या बायकांना पोलिसांनी गाड्यांत भरलं. त्या गावांचे चाकरमानी आपल्या ठाण्या-डोंबिवलीत आहेत, त्यांना विचारा. त्याआधी फेब्रुवारीत त्या प्रकल्पाबद्दल लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे २०१२पासून जगभरात जमीन आणि पर्यावरणासाठी लढणारी दोन हजारांहून अधिक माणसं मारली गेली आहेत. जिथे मारत नाहीत तिथे खटल्यात अडकवतात, आणि खटला माणसाला तारखांवर झिजवतो. मला पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागली आणि तो मिळाला वर्षभरापुरता. मी त्यात निभावलो. रोजंदारीवरचा माणूस तारखेच्या दिवशी मजुरी बुडवून न्यायालयाच्या बाकावर बसतो, तेव्हा त्या दिवशी त्याच्या घरी काय शिजत असेल याचा विचार करा.

‘सरकार बदललं की गुन्हे मागे घेतील’ या आशेवर राहू नका. १ डिसेंबर २०१९ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आरेच्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, ते चांगलंच झालं. पण घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करायचा असतो आणि न्यायालयाने संमती द्यायची असते. तो अर्ज झाला का, याचा पाठपुरावा आरोपीलाच करावा लागतो.

म्हणून माझं मागणं आंदोलकांपेक्षा बाकीच्यांकडे अधिक आहे. ज्यांना रस्त्यावर यायचं नाही, ज्यांची नोकरी आहे, वय झालं आहे, त्यांनी जामीनदार व्हावं. तहसील कार्यालयातून सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, काढून ठेवा, आधार, रेशनकार्ड, कराची पावती एका पाकिटात ठेवा. जामीनदार होणं म्हणजे आंदोलनाला पाठिंबा देणं नव्हे. हा माणूस तारखेला येईल, एवढीच हमी त्यात असते. पाड्यावरच्या लोकांना सांगा की अनुसूचित जमातीच्या माणसाला, कुठल्याही बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वर्तकनगर, शिवाईनगर, लोकमान्यनगर, प्रत्येक वसाहतीतून पाच जणांनी जरी अशी नावं दिली, तरी येऊरचा कोणी पुन्हा कागदाअभावी आत राहणार नाही. आपलं नाव द्या.