नोंदींची नाती

संगणक म्हटले की आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठी चढते. तो विषय विज्ञानवाल्यांचा, आपला संबंध निबंधांशी आणि सनावळ्यांशी, अशी आपली पक्की समजूत. माझीही तीच होती. महाविद्यालयातील संगणकाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम मी घेतला तो केवळ 'पुढे नोकरीला उपयोगी पडेल' असे सगळे म्हणाले म्हणून. परंतु त्यातील डेटाबेस या प्रकरणापाशी आल्यावर ध्यानात आले, की येथे गणितापेक्षा व्यवहारज्ञान अधिक लागते. कोणाचे कोणाशी नाते काय, हे नेमके विचारता आले पाहिजे. आणि हे काम आपल्या घरातील म्हाताऱ्या बाया आपल्यापेक्षा पुष्कळ चांगले करतात.

डेटाबेस म्हणजे, ढोबळमानाने, तक्त्यांचा संच. तक्त्यातील प्रत्येक आडवी ओळ ही एक नोंद. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा, त्या तक्त्यात दुसऱ्या कोणाला नसलेला क्रमांक असतो. त्याला प्रायमरी की म्हणतात. हाच क्रमांक दुसऱ्या तक्त्यातील ओळीत नेऊन लिहिला, की तेथे तो फॉरेन की होतो आणि दोन नोंदींचे नाते जुळते. ही तक्त्यांची पद्धत १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड या गणितज्ञाने मांडली. त्यापूर्वी वंशवृक्षासारखी रचना प्रचारात होती. तीत प्रत्येक नोंदीला वरचा पालक एकच, त्यामुळे एकच वस्तू दोघांची असली की पंचाईत होई. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कॉडच्या पद्धतीला 'रिलेशनल' म्हणतात म्हणून आपण नात्यांचा विचार करतो. पण त्याच्या लेखी 'रिलेशन' म्हणजे तक्ताच. दोन वस्तूंमधील नाते हा स्वतंत्र विचार म्हणून आखून दाखवला तो पीटर चेन यांनी, १९७६ मध्ये. एकास एक, एकास अनेक आणि अनेकास अनेक असे नात्यांचे तीन प्रकार त्यांच्या मांडणीत येतात.

प्रकार ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्रश्न दोन्ही टोकांनी विचारायचा. याला ते किती? आणि त्याला हे किती? आपण बहुधा एकाच टोकाने विचारतो आणि तेथेच फसतो.

एकास एक हे नाते दिसायला सर्वांत सोपे, पण माझ्या मते सर्वांत फसवे. बारावीनंतर मी एक ऑनलाइन अर्ज भरत होते. त्या वेळी आमच्या घरी मोबाइल एकच, वडिलांचा. तो क्रमांक भावाच्या अर्जात आधीच गेलेला. मी तो टाकला की लाल अक्षरांत उत्तर येई, "हा क्रमांक अगोदरच नोंदलेला आहे." शेवटी शेजारच्या काकूंचा क्रमांक दिला आणि पुढे दोन महिने प्रत्येक ओटीपीसाठी कुंपणावरून हाका मारल्या. मला तेव्हा आमच्या घराचीच लाज वाटली होती. आता कळते, की अर्जाचा तक्ता आखणाऱ्याने 'एका माणसाला मोबाइल किती?' एवढेच विचारले होते. 'एका मोबाइलला माणसे किती?' हे विचारले असते, तर आमच्यासारखी घरे त्याला दिसली असती.

खरोखरच एकास एक असेल, तर बहुतेक वेळा दोन तक्ते करूच नयेत, एकाच ओळीत सारे लिहावे. काही माहिती मोजक्यांनाच लागू असेल, किंवा कोणालाही दिसू नये अशी असेल, तरच वेगळी ठेवावी.

एकास अनेक हे नाते आपल्या ग्रंथालयात रोज भेटते. एका ग्रंथाच्या पाच प्रती असतात. प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक वेगळा, पण प्रत मात्र एकाच ग्रंथाची. अशा वेळी नियम असा, की फॉरेन की 'अनेक' बाजूला लिहायची. म्हणजे प्रतीच्या ओळीत ग्रंथाचा क्रमांक लिहायचा. उलटे केले तर ग्रंथाच्या ओळीत 'प्रत एक', 'प्रत दोन' असे रकाने पाडत बसावे लागते, आणि सहावी प्रत आली की तक्ताच बदलावा लागतो. काही जण एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन पाचही क्रमांक कोंबतात. मीही प्रथम तेच केले होते. मग 'दाखल क्रमांक अमुक ही प्रत कोणत्या ग्रंथाची?' हे विचारायला गेले, तर संगणकाला तो सारा मजकूर चाळावा लागला.

आता प्रत आणि वाचक यांचे नाते पाहा. एक प्रत एका वेळी एकाच वाचकाकडे असते, म्हणून प्रतीच्या ओळीतच वाचकाचा क्रमांक लिहावा असे वाटते. तसे केले तर दुसऱ्याने पुस्तक नेले की पहिल्याचे नाव पुसले जाते, आणि मधली पाने कोणी फाडली हे कधीच कळत नाही. आजचा दिवस धरला तर नाते एका प्रकारचे दिसते, सारे वर्ष धरले तर दुसऱ्या. वर्षभरात एक प्रत अनेकांकडे जाते आणि एक वाचक अनेक प्रती नेतो, तेव्हा हे नाते अनेकास अनेक. त्यासाठी तिसरा तक्ता लागतो, देवघेवीचा: प्रत, वाचक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. या तारखा पुस्तकाच्याही नव्हेत आणि वाचकाच्याही नव्हेत. त्या दोघांच्या भेटीच्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवण्याची रीत ज्याने काढली, त्याला हे संगणकावाचूनच उमगले होते.

अभ्यासक्रमाच्या शेवटी सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या माहितीतील विषय घेऊन तक्ते आखायला सांगितले. कोणी किराणा दुकान घेतले, कोणी क्रिकेटचा संघ. मी सातबारा घेतला, कारण घरातील पत्र्याच्या पेटीत तो होता. आईच्या माहेरचा.

प्रथम मी 'गट' असा तक्ता केला आणि त्यात 'मालक' असा एक रकाना ठेवला. सरांनी पाहिले आणि विचारले, "तुला मामा किती?" मी म्हटले, दोन. "मग रकाना एक कसा?" झाले, सारे खोडले. एका गटाचे धारक अनेक आणि एका धारकाचे गट अनेक, म्हणून मध्ये तिसरा तक्ता आला: गट क्रमांक, धारक क्रमांक आणि हिस्सा. हिस्सा हा रकाना जमिनीच्या तक्त्यात बसत नाही, माणसाच्याही तक्त्यात बसत नाही. तो मधल्या तक्त्यातच बसतो. हे जमल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. गाव नमुना सात पाहिला तर गटावरून माणसे कळतात, आठ-अ पाहिला तर खात्यावरून जमीन कळते. नाते एकच, ते दोन टोकांनी वाचले आहे. आणि नाते कधी, कशाने बदलले, हे फेरफाराच्या नोंदवहीत असते. महसुली दप्तर ही किचकट आणि रुक्ष गोष्ट असे मला वाटे. आता त्याविषयी थोडा आदर वाटू लागला.

थोडाच. कारण सामाईक खात्यात पुष्कळदा नावे एकाखाली एक आणि क्षेत्र मात्र सर्वांचे मिळून असते. कोणाचा हिस्सा किती, ते कागद सांगत नाही. आणि दुसरे असे, की सातबाऱ्यावर भोगवटादारांच्या रकान्याखेरीज 'इतर अधिकार' असाही एक रकाना असतो. कुळे, कर्जाचे बोजे तेथे लिहितात. गट आणि माणूस यांत एकापेक्षा अधिक प्रकारची नाती असू शकतात, म्हणून हा वेगळा रकाना योग्यच. मीही त्यासाठी वेगळा तक्ता केला. बँकेचे नाव, बोजाची रक्कम, तारीख. हिस्सा नाही, कारण बोजाला हिस्सा नसतो.

रात्री कागद पसरून बसले होते. आईने भाकऱ्या झाल्यावर हात पुसले आणि जवळ येऊन विचारले, "यात माझं नाव कुठं येतं?"

मी सातबारा पाहिला. आजोबा २०११ मध्ये वारले, आजी त्यापूर्वीच गेली होती. मुले चार: दोन मामा, आई आणि मावशी. मामांची नावे भोगवटादार म्हणून होती. आई आणि मावशी होत्या 'इतर अधिकार' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या खाली. माझ्या आखणीप्रमाणे आईची नोंद बँकेच्या शेजारी जाणार होती, आणि त्या तक्त्यात हिस्सा लिहायला जागाच नव्हती.

मी सरांना विचारले. ते म्हणाले, की कागदावर रकाना कोणता आहे हे पाहू नकोस, नाते काय आहे ते पाहा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगीही वडिलांची वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच हक्क दिला. नुसत्या सातबाऱ्याच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही. म्हणजे आजोबांच्या गटाशी मामांचे जे नाते, तेच आईचे. नाते एकाच प्रकारचे असेल तर दोन तक्ते करणे ही आखणीतील चूक. कागदावरची चूक मी जशीच्या तशी संगणकात उतरवत होते.

तक्ता पुन्हा केला. गट एक, धारक चार, मधल्या तक्त्यात चार ओळी आणि प्रत्येकीत हिस्सा एक चतुर्थांश. त्याची छापील प्रत घरी नेली. आईला अक्षरे सावकाश लागतात; तिने बोट ठेवून आपले नाव वाचले, मावशीचे वाचले, मग हिस्स्याचा आकडा वाचला.

"हा तलाठ्याकडचा आहे का?"

"नाही, कॉलेजातला आहे."

तिने कागदाची घडी घातली आणि पेटीत सातबाऱ्याखाली ठेवली. "दिवाळीला जाऊ तेव्हा घेऊन जाऊ," ती म्हणाली, "दादाला दाखवू."