ग्राहक बिलावर चिडत नाही, मग कशावर चिडतो? सर्व्हिस सेंटरमधल्या एका दिवसाचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा किस्सा सांगितला होता. अनेकांनी विचारलं, "सर, त्यातले मुद्दे लिहून द्या ना." म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी किस्सा.

माझी छोटी पेट्रोल गाडी, 40,000 किलोमीटरची सर्व्हिसिंग. नाशिकमधल्या एका अधिकृत डीलरच्या सर्व्हिस सेंटरला सकाळी 9 ची अपॉइंटमेंट. मी पावणेनऊला हजर. सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्याकडे आला 9:40 ला. मी सांगितलं, "स्पीडब्रेकरवरून गाडी गेली की पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट आवाज येतो. तो आधी बघा." त्याने मान हलवली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'जनरल चेकअप'. खर्च विचारला तर म्हणाला, "साडेसहा हजारापर्यंत जाईल सर. गाडी 4 वाजता मिळेल."

4 वाजले. फोन नाही. मी केला, उचलला नाही. पाचव्यांदा उचलला, "सर, गाडी वॉशिंगला आहे." पुढचा दीड तास गाडी वॉशिंगलाच होती! शेवटी पावणेसातला हातात आली. आणि बिल? 10,930 रुपये.

बिल वाचायला घेतलं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, लेबर, सगळं ठीक. पण पुढे थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी क्लीनिंग, इंटिरियर क्लीनिंग असे मिळून 2,950 रुपये. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग 950. वायपर ब्लेड 530. म्हणजे 4,430 रुपयांचं काम मला न विचारता केलेलं. का केलं विचारलं तर उत्तर, "कंपनीची शिफारस आहे सर." मी गाडीतलं ओनर्स मॅन्युअल काढलं, 40,000 चं पान उघडून पुढे ठेवलं. त्या पानावर यातलं एकही क्लीनिंग नव्हतं. अर्धा तास वाद झाला, 1,500 रुपये कमी झाले.

निघताना ॲडव्हायझर हळूच म्हणाला, "सर, कंपनीकडून फोन येईल. 10 पैकी 10 द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात."

गेटबाहेर पहिलाच स्पीडब्रेकर. खट खट!

दुसऱ्या दिवशी काय झालं?

दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "चला, आधी चक्कर मारू." स्वतः शेजारी बसले, आवाज ऐकला. मग गाडी जॅकवर घेतली, स्टॅबिलायझरचा लिंक रॉड हाताने हलवून मला दाखवला. "हा ढिला झालाय. बदलायचा तर 1,150 रुपये, पाऊण तास लागेल. लगेच नाही बदलला तरी महिनाभर चालेल, पण आवाज वाढत जाईल. काय करू?"

मी म्हटलं, बदला. पाऊण तासात काम झालं. जुना रॉड पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

आता नीट ऐका. मी असं म्हणत नाही की शोरूम वाईट आणि गॅरेज चांगलं. काकांनी मला बिल दिलं नाही, मागितल्यावर साध्या कागदावर आकडा लिहून दिला. शोरूमकडे मशीन आहेत, ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत, वॉरंटी सांभाळायची सोय आहे. मग तरीही ग्राहक तिथून वैतागून का निघतो?

माणूस वाईट नव्हता, पद्धत वाईट होती

त्या ॲडव्हायझरवर मला आता राग नाही. तो सकाळपासून एकामागून एक गाड्या घेत होता. गाडीखाली जाणारा मेकॅनिक वेगळा. मी बोललो एकाशी, काम केलं दुसऱ्याने, आणि मधला निरोप म्हणजे जॉब कार्ड. त्यावर 'जनरल चेकअप' लिहिलं, तिथेच माझी खटखट हरवली. मेकॅनिकला आवाजाबद्दल कळलंच नाही, तर तो दुरुस्त काय करणार?

शिवाय अशा बऱ्याच ठिकाणी ॲडव्हायझरला जादा कामं विकण्याचं टार्गेट असतं. मग तो ग्राहकाच्या गाडीकडे बघतो की महिन्याच्या आकड्याकडे? तुम्ही माणसाला जे मोजायला लावता, तो तेच करतो. 10 पैकी 10 मोजलं की तो आकडा मागून घेतो. आवाज गेला का, हे मात्र कोणीच मोजत नाही.

आणि गंमत बघा. वायपर खरंच झिजले होते. अलाइनमेंटही मी करूनच घेतलं असतं. फोन करून विचारलं असतं तर ही दोन्ही कामं मी आनंदाने "करा" म्हटली असती. तेच काम, तीच किंमत. विचारलं तर ती सेवा वाटते, न विचारता केलं तर लूट वाटते.

आता हिशोब

सवलत देऊन त्यांनी माझ्याकडून जेमतेम तीन हजार जादा घेतले. माझा वर्षाचा सर्व्हिसिंगचा खर्च अंदाजे 7,000 धरा. पाच वर्षांचे 35,000. तीन हजार कमावताना 35,000 चा ग्राहक गेला, आणि पुढची गाडी घेताना मी त्या दारात जाईन का, हा प्रश्न वेगळाच. हे नुकसान त्यांच्या कुठल्याच वहीत दिसणार नाही. कारण गेलेला ग्राहक सांगून जात नाही.

आणि मग माझी पाळी

हे सगळं मोठ्या तावातावाने मी घरी सांगत होतो. बोलता बोलता थांबलो. मला एक ताई आठवल्या.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका कार्यशाळेची फी मी 3,000 सांगितली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात फाइल आणि पुस्तिका ठेवली आणि म्हटलं, "किटचे 400 वेगळे." पापडाचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी पर्स उघडली, नोटा मोजल्या, दिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या बॅचला मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांना शिकण्याची आवड नाही.

मित्रांनो, मी तेव्हा तोच ॲडव्हायझर होतो. 400 रुपये मोठे नव्हते, पण त्यांना आधी विचारलं नव्हतं. आज माझी फी एकच असते, सगळं धरून, आणि आधी लिहून दिलेली.

तुमच्या धंद्यासाठी पाच पायऱ्या

तुम्ही एसी रिपेअर करा, शिवणकाम करा नाहीतर केटरिंग, ग्राहकाचं काम हातात घेतलं की या पाच जागा सांभाळा.

1. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. 'जनरल चेकअप' नको. 'स्पीडब्रेकरवर डावीकडे खटखट' असं लिहा. ब्लाउजच्या वहीत 'फिटिंग' नको, 'उजवी बाही दंडात घट्ट होते' असं लिहा. आणि लिहिलेलं वाचून दाखवा.

2. अंदाज लेखी द्या. व्हॉट्सॲपवर दोन ओळी पुरतात. काय काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, दोन्ही लिहा. जीएसटी लागत असेल तर तो धरूनच आकडा सांगा.

3. जादा कामाआधी परवानगी घ्या. फोटो पाठवा, किंमत सांगा, नाही केलं तर काय होईल तेही खरं सांगा. "लगेच नाही बदललं तरी चालेल" हे वाक्य काकांना त्या दिवशी फुकट पडलं, पण त्यानेच मला कायमचं बांधलं.

4. उशीर होणार असेल तर फोन तुम्ही करा. ग्राहकाने विचारायच्या आत. 4 ची वेळ असेल तर 3 वाजता कळवा. उशीर माणूस सहन करतो, ताटकळणं नाही.

5. काम सोपवताना बोला. काय केलं, काय राहिलं, जुना भाग हा घ्या, हे बिल. आणि पहिल्या ओळीतली तक्रार मिटली का, हे ग्राहकासमोर तपासा.

बिलाबद्दल एक गोष्ट काकांसारख्या सगळ्यांसाठी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली जाते. ग्राहकाला राष्ट्रीय हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. त्यामुळे धंदा छोटा असला तरी बिलबुक ठेवाच.

तिसऱ्या पायरीसाठी हा मेसेज सेव्ह करून ठेवा:

"नमस्कार, तुमचं काम सुरू आहे. तपासताना ____ खराब दिसलं, फोटो पाठवला आहे. बदलायचे ____ रुपये होतील. आत्ता न केल्यास ____. तुम्ही 'हो' कळवल्याशिवाय मी हात लावणार नाही."

शेवटच्या वाक्यात सगळी ताकद आहे. ते काढू नका.

गृहपाठ

गेल्या सहा महिन्यांत जे ग्राहक पुन्हा आले नाहीत, त्यातल्या तिघांना फोन करा. विकायला नाही, फक्त विचारायला, "माझ्याकडून काही राहिलं का?" मध्ये बोलू नका, सफाई देऊ नका, लिहून घ्या. मग बघा, वरच्या पाचपैकी कुठली पायरी तुमच्याकडून निसटते.

मीही हा गृहपाठ केला. पापडवाल्या ताईंना पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला. मी आधी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, चारशेचं काही नाही हो. त्या दिवशी पर्समध्ये परतीच्या एसटीपुरतेच उरले होते, म्हणून ते लक्षात राहिलं."

तुमच्या तीन फोनमधून काय कळलं, ते खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.