लिअरजेट : एका विमानाचे घराणे

एस. टी.ची गाडी ठरलेल्या वेळी सुटते, ठरलेल्या रस्त्याने जाते आणि चाळीस-पन्नास माणसे एकदम नेते. जीपगाडीचे तसे नाही. तिच्यात पाच-सहा माणसे बसतात, पण ती हवी तेव्हा निघते आणि हवी तिथे जाते. आकाशातही असाच भेद आहे. मोठी प्रवासी विमाने ही आकाशातली एस. टी. समजा. कारखानदार, सरकारी अधिकारी, डॉक्टर किंवा रुग्ण यांना तातडीने नेणारी लहान जेट विमाने ही आकाशातली जीप. त्यांना 'बिझनेस जेट' असे म्हणतात. अशा विमानांत एक नाव इतके गाजले की अनेक देशांत लोक कोणत्याही लहान जेट विमानाला त्याच नावाने ओळखू लागले. ते नाव म्हणजे लिअरजेट.

लिअरजेट हे एक विमान नव्हे, ते एक घराणे आहे. १९६३ ते २०२२ या काळात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांतील प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीतील एखादी उणीव दूर करण्यासाठी जन्मली, आणि तसे करताना तिला दुसरीकडे काहीतरी सोडावे लागले. विमानाच्या रचनेत फुकट काहीच मिळत नाही, हे या घराण्याच्या इतिहासातून फार चांगले कळते.

आठवी शिकलेला संशोधक

या विमानाचे जनक विल्यम लिअर हे अमेरिकन गृहस्थ. त्यांचा जन्म १९०२ सालचा. शाळेचे शिक्षण आठवीपर्यंतच झालेले. परंतु हातात कसब आणि डोक्यात सतत नवे काहीतरी. मोटारीत बसवायचा रेडिओ तयार करण्यात त्यांचा वाटा होता. पुढे त्यांनी जेट विमानांसाठी स्वयंचालक, म्हणजे वैमानिकाचा हात न लागता विमान सरळ ठेवणारे यंत्र तयार केले. त्याबद्दल त्यांना अमेरिकेतील मानाचे कॉलियर पारितोषिक मिळाले.

लहान जेट विमान बनवण्याची कल्पना त्यांनी मनावर घेतली तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते. त्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये 'पी-१६' नावाचे एक लढाऊ विमान तयार झाले होते. स्विस सरकारने १९५८ साली अशा शंभर विमानांची मागणी नोंदवली. पण त्याच वर्षी एक विमान सरोवरात कोसळले आणि सगळी मागणी रद्द झाली. पी-१६ चा पंख मात्र उत्तम होता : पातळ, मजबूत, आणि टोकाशी इंधनाच्या लांबट टाक्या बसवता येतील असा. लिअर यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कंपनी काढली. पुढे काम फार मंद चालले आहे असे वाटून १९६२ मध्ये त्यांनी सारा कारखाना अमेरिकेतील विचिटा या गावी हलवला.

एका पौंडाची गोष्ट

अमेरिकेच्या नियमांनुसार १२,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५,६७० किलोग्रॅमपर्यंत वजनाचे विमान 'लहान' समजले जाई. त्यासाठीचे नियम सोपे होते. त्याहून जड विमानाला मोठ्या प्रवासी विमानांचे कडक नियम लागत. लिअर यांनी आपल्या विमानाचे कमाल वजन ठरवले १२,४९९ पौंड, म्हणजे मर्यादेच्या आत अवघ्या एका पौंडाने!

या एका आकड्याने विमानाचे सारे रूप ठरवून टाकले. वजन कमी ठेवायचे तर धड बारीक हवे. धड बारीक असेल तर हवेचा अडथळाही कमी होतो. म्हणून केबिनची उंची जेमतेम सव्वाचार फूट ठेवली गेली. आत उभे राहता येत नाही, अशी तक्रार कोणी केली, तर मोटारीत तरी कुठे उभे राहता येते, असे लिअर यांचे उत्तर असे, असे सांगतात.

एंजिने दोन होती, जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. त्यांचा मूळ नमुना लष्करासाठी, शत्रूच्या रडारला चकवणाऱ्या एका लहान वैमानिकरहित अस्त्रासाठी बनवला होता. प्रत्येक एंजिनाचे वजन सुमारे १८० किलोग्रॅम आणि रेटा २,८५० पौंड, म्हणजे सुमारे १,२९० किलोग्रॅम. आपल्या वजनाच्या सातपट रेटा देणारे हे एंजिन लिअरजेटचे खरे बळ होते.

ही एंजिने पंखांखाली न बसवता धडाच्या मागच्या भागी दोन बाजूंना बसवली. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. लहान विमानाचे पंख जमिनीपासून फार उंच नसतात. त्यांच्याखाली एंजिन टांगले तर ते धूळ आणि खडे ओढून घेईल. शिवाय मागची एंजिने विमानाच्या मध्यरेषेच्या जवळ असतात. एक एंजिन बंद पडले, तर दुसऱ्याच्या रेट्याने विमान एका बाजूला वळू पाहते. एंजिन मध्यरेषेच्या जवळ असले की हे वळणे कमी होते आणि वैमानिकाला विमान सावरणे सोपे जाते.

शेतात उतरलेले विमान

सामान्यपणे कारखानदार प्रथम हाताने एक नमुना बनवतो, तो तपासतो, आणि मगच मोठ्या उत्पादनाची साधने तयार करतो. लिअर यांनी ही पायरी गाळली. त्यांनी एकदम उत्पादनाची साधनेच तयार करून त्यांवर पहिले विमान बनवले. रचना चुकली असती तर सारी साधने भंगारात गेली असती आणि लिअर यांची पुंजीही. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी 'लिअरजेट २३' प्रथम उडाले. रचना चुकली नव्हती.

पण परीक्षा पुढेच होती. जून १९६४ मध्ये सरकारी परीक्षक वैमानिक या विमानाची चाचणी घेत होते. एक एंजिन बंद पडले असे मानून उड्डाण करायचे, अशी ती चाचणी होती. पंखांवर 'स्पॉयलर' नावाच्या पट्ट्या असतात. विमान उतरल्यावर त्या उभ्या करतात. त्यामुळे पंखाचा वर उचलणारा जोर नाहीसा होतो आणि विमान जमिनीला घट्ट धरून राहते. त्या दिवशी या पट्ट्या उभ्याच राहून गेल्या. विमान उडाले, पण चढेना. अखेर ते शेतात उतरले. आतील माणसे बचावली, परंतु विमान जळून गेले.

ते कंपनीचे पहिलेच विमान होते. मात्र दोष विमानाच्या रचनेत नव्हता. विम्याची रक्कम हाती आली, दुसरे विमान चाचण्यांसाठी पुढे झाले आणि ३१ जुलै १९६४ रोजी प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिले विमान ग्राहकाच्या ताब्यात गेले.

पहिली दुरुस्ती : सुरक्षितता

लिअरजेट २३ वेगवान होते, पण शिकाऊ हाताला क्षमा करणारे नव्हते. सावकाश चालणाऱ्या पंख्याच्या विमानांची सवय असलेल्या वैमानिकांना या विमानात सगळेच फार झटपट घडत आहे असे वाटे. १९६५ आणि १९६६ मध्ये काही प्राणघातक अपघात झाले. पहिल्या आवृत्तीची शंभराहून थोडीच अधिक विमाने बनली.

१९६६ मध्ये 'लिअरजेट २४' आले. आता त्या एका पौंडाचा हट्ट सोडला होता. वजन १३,००० पौंडांवर नेले आणि मोठ्या प्रवासी विमानांचे कडक नियम मान्य केले. या नियमांत एक महत्त्वाची अट असते : ठराविक वेग गाठल्यावर एक एंजिन बंद पडले, तरी विमानाने दुसऱ्या एंजिनावर उड्डाण पुरे केले पाहिजे. दोन एंजिने असण्याचा खरा अर्थ हाच होय. त्याच वर्षी मे महिन्यात एका लिअरजेट २४ ने तीन दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

पाठोपाठ 'लिअरजेट २५' निघाले. त्याचे धड सव्वा मीटरने लांबवले होते, त्यामुळे आठ प्रवासी बसू लागले. अर्थात, तेवढ्याच इंधनात जास्त वजन न्यायचे म्हणजे अंतर कमी होणारच. १९६७ मध्ये लिअर यांनी कंपनीतील आपला हिस्सा विकला. विमानाचे नाव मात्र तेच राहिले.

दुसरी दुरुस्ती : तहान

जुनी एंजिने 'टर्बोजेट' प्रकारची होती. त्यांची तहान मोठी आणि आवाज कानठळ्या बसवणारा. असे का, ते एका गणिताने पाहू.

जेट एंजिन हवा मागे फेकते, म्हणून विमान पुढे जाते. समजा, एंजिनाने दर सेकंदाला १ किलोग्रॅम हवा १०० मीटर वेगाने मागे फेकली. वस्तुमान गुणिले वेग केल्यास रेटा १०० एकक येतो. आता दुसरे एंजिन दर सेकंदाला २ किलोग्रॅम हवा ५० मीटर वेगाने फेकते. रेटा पुन्हा १०० एककच. परंतु लागणारी ऊर्जा पहा. ऊर्जा ही वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणून मिळते. पहिल्या एंजिनाला ५,००० ज्यूल लागतात, दुसऱ्याला फक्त २,५००!

म्हणजे थोडी हवा जोराने फेकण्यापेक्षा जास्त हवा हळू फेकणे फायद्याचे. 'टर्बोफॅन' एंजिनात हेच करतात. एंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याने ओढलेल्या हवेचा काही भाग आत जाऊन इंधन जाळतो. उरलेली हवा एंजिनाच्या बाहेरून वळसा घालून मागे जाते. लिअरजेटला बसवलेल्या गॅरेट कंपनीच्या एंजिनात वळसा घालणारी हवा आत जाणाऱ्या हवेच्या अडीचपटीहून अधिक होती. झोताचा वेग कमी, म्हणून आवाजही कमी.

ही एंजिने घेऊन 'लिअरजेट ३५' ऑगस्ट १९७३ मध्ये उडाले. दोनच महिन्यांनी जगावर तेलाचे संकट कोसळले आणि काही महिन्यांत तेलाच्या किमती चौपटीच्या आसपास गेल्या. कमी पिणारे विमान अगदी वेळेवर आले होते. त्याचे भावंड 'लिअरजेट ३६' हे त्याच धडाचे. पण त्यात प्रवाशांची जागा कमी करून इंधनाची टाकी मोठी केली होती. माणसे न्यायची की लांब जायचे, हे ग्राहकाने ठरवायचे! १९७६ मध्ये गोल्फचे विजेते खेळाडू अर्नोल्ड पामर यांनी सहकाऱ्यांसह लिअरजेट ३६ मधून ५७ तास २५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. या दोन आवृत्त्यांची मिळून सातशेहून अधिक विमाने बनली.

तिसरी दुरुस्ती : पंखाचे टोक

चहाच्या कपात चमचा बुडवून सरळ ओढा. त्याच्या दोन्ही कडांशी दोन भोवरे उठताना दिसतील. पंखाच्या टोकाशी असेच घडते. पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो. त्यामुळे खालची हवा टोकाला वळसा घालून वर येऊ पाहते आणि भोवरा तयार होतो. तो भोवरा फिरवण्याची ऊर्जा कोण देते? अर्थातच विमानाचे इंधन.

अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील रिचर्ड व्हिटकम यांनी १९७० नंतरच्या दशकात यावर उपाय अभ्यासला. पंखाच्या टोकाशी लहानशी उभी पंखपट्टी बसवली, तर भोवऱ्याचा जोर कमी होतो. तिला 'विंगलेट' म्हणतात. उत्पादनात आलेल्या जेट विमानांत ती प्रथम बसली ती 'लिअरजेट २८' वर. त्यासाठी टोकांच्या ओळखीच्या टाक्या काढाव्या लागल्या. फेब्रुवारी १९७९ मध्ये चंद्रवीर नील आर्मस्ट्राँग यांनी हेच विमान ५१ हजार फुटांपर्यंत नेऊन विक्रम केले.

तरीही हे विमान फारसे खपले नाही. कारण पंख नवा, पण एंजिने जुनीच होती! मग तो पंख आणि नवी एंजिने एकत्र करून, साडेपाच फुटांहून थोड्या अधिक उंचीची केबिन असलेले 'लिअरजेट ५५' बनवले. ते १९७९ मध्ये उडाले. १९८७ च्या 'लिअरजेट ३१' मध्ये तर ३५ चे धड, तिचीच एंजिने आणि २८ चा पंख अशी जुळणी केली. आजोबांचे नाक आणि आईचे डोळे घेऊन यावेत, तसे.

घराण्याचा शेवट

१९९० मध्ये ही कंपनी कॅनडातील बम्बार्डियरने घेतली. ७ ऑक्टोबर १९९५ रोजी, पहिल्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षे होत असताना, संपूर्ण नव्या रचनेचे 'लिअरजेट ४५' उडाले. परंतु ग्राहकांचा कल अधिक ऐसपैस विमानांकडे गेला, आणि छोट्या विमानांत इतर कंपन्यांची स्पर्धा वाढली. मार्च २०२२ मध्ये शेवटचे लिअरजेट कारखान्यातून बाहेर पडले. एकूण तीन हजारांहून अधिक विमाने बनली.

जुन्या टर्बोजेट आवृत्त्यांना त्यांच्या आवाजानेच गाठले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, आवाजाची नवी मर्यादा न पाळणाऱ्या लहान जेट विमानांना २०१५ च्या अखेरीनंतर उडण्याची बंदी झाली. कमी पिणाऱ्या ३५ क्रमांकाच्या आवृत्तीने मात्र रुग्णवाहिका म्हणूनही दीर्घकाळ सेवा केली. ज्या वेगासाठी लिअर यांनी केबिन बुटकी ठेवली, तोच वेग आजारी माणसाच्या उपयोगी पडला. रुग्णाला उभे राहायचे नसते. त्याला लवकर पोहोचायचे असते.

विचार करा

१. एक एंजिन दर सेकंदाला ४ किलोग्रॅम हवा २५ मीटर वेगाने मागे फेकते. त्याचा रेटा किती? ऊर्जा किती लागेल?

२. वरील उत्तर पाहून वाटेल की पंखा आणखी मोठा करावा. मग लिअरजेटसारख्या लहान विमानावर खूप मोठा पंखा का बसवत नाहीत? वजन, हवेचा अडथळा आणि बसवण्याची जागा या तिन्हींचा विचार करून उत्तर लिहा.