छोटा मेंढपाळ कुत्रा आपल्या घरी आणावा का?

'माझा आवडता प्राणी' हा निबंधाचा विषय दिला की गाय, मांजर, पोपट ही मंडळी हजर होतातच. यंदा मात्र काही वह्यांत एक नवा पाहुणा दिसला. 'मिनी ऑसी', म्हणजेच मिनिएचर अमेरिकन शेफर्ड. निळे डोळे, ठिपकेदार झुपकेदार अंग आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतील कसरती पाहून तो हवाहवासा वाटणे साहजिक आहे. पालकसभेतही आम्हाला विचारणा झाली, "फ्लॅटमध्ये चालेल ना? लहानच तर आहे!" म्हणून हा पाठ.

प्रथम 'लहान' या शब्दाविषयी. हा कुत्रा साधारण 13 ते 18 इंच उंच आणि 9 ते 18 किलो वजनाचा असतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियन शेफर्डच्या ठेंगण्या कुत्र्यांपासून ही जात तयार झाली, आणि 2015 साली अमेरिकन केनेल क्लबने तिला मेंढपाळ गटात पूर्ण मान्यता दिली. (गंमत म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियन शेफर्डही नावापुरताच ऑस्ट्रेलियन, घडला तो अमेरिकेतच!) येथे फक्त उंची कमी झाली आहे, कामाची ओढ नव्हे. शेटलंड शीपडॉग आणि कॉर्गी या बुटक्या मेंढपाळ जातींचीही गोष्ट तीच.

हे काम कोणते? देशावरचे धनगर मेंढ्यांबरोबर कुत्री बाळगतात ती राखणीसाठी. रात्री वाड्याभोवती जागून लांडग्याला हुसकावणे हे त्यांचे काम. कळप हाकतो तो धनगर स्वतः, हाळी देऊन. याउलट पाश्चात्त्य मेंढपाळ कुत्रा कळप हाकतो. भोवती फेऱ्या घालतो, रोखून बघतो आणि न ऐकणाऱ्या जनावराच्या टाचेला चावा घेतो. घरी मेंढ्या नसल्या म्हणजे ही सवय जात नाही. मग धावणारी मुले, सायकली आणि स्कूटर हाच त्याचा कळप होतो.

आमच्या माहितीतील एका घरात अशाच हाकणाऱ्या जातीचे पिल्लू आणले होते. सकाळी आठला सगळे बाहेर, दुपारी दीडला परत. त्याने सोफा फाडला, दिवसभर भुंकून शेजाऱ्यांना हैराण केले आणि एके दिवशी खेळताना धाकट्याच्या टाचेला दात लावले. 'चावरे' असा शिक्का बसून आठ महिन्यांत ते एका ओळखीच्या कुळागरात गेले. थोरला मुलगा कित्येक दिवस नीट जेवला नाही. आमच्या मते दोष पिल्लाचा नव्हता, मुलाचाही नव्हता. अशा कुत्र्याला रोज तास-दीड तास पळणे आणि वर डोक्याला काम लागते, हे आणण्यापूर्वी कोणी विचारलेच नव्हते.

आता आपल्या हवेचा विचार करू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड करतो. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. मुरगावात मे महिन्याचा उकाडा सरतो न सरतो तोच पावसाळी दमटपणा सुरू होतो. त्यात या कुत्र्याच्या अंगावर दुपदरी केस. ते भादरणे हा उपाय नव्हे. अंगाला झळ लागते आणि केस पूर्ववत येतीलच असे नाही. म्हणजे फिरणे पहाटे आणि रात्री. पावसात ओले अंग कोरडे न केल्यास त्वचा बिघडते, आणि गोचिडींचा ताप वेगळाच.

गोचिडींवरून एक महत्त्वाची गोष्ट. ऑस्ट्रेलियन शेफर्डच्या कुळात एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष आढळतो. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. आपल्याकडे खरूज-गोचिडींसाठी हे औषध सर्रास वापरतात. तेव्हा जात सांगितल्याशिवाय इंजेक्शन नको, आणि औषधाच्या दुकानातून स्वतः आणून तर मुळीच नको.

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गणित. ठिपकेदार करड्या रंगाला 'मर्ल' म्हणतात. त्याचे जनुक एकाच पालकाकडून आले तर सुंदर रंग. दोघांकडूनही आले तर पिल्लू बहिरे किंवा आंधळे होण्याचा मोठा धोका. प्रत्येकी एक मर्ल जनुक असलेल्या नर-मादीची चौकट वहीत मांडा, चारात एक असे प्रमाण मिळेल. म्हणून पिल्लाचे दोन्ही आईबाप पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर 2016 साली केंद्राने बंदी घातली, तर 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. विक्रेता नोंदणी दाखवीत नसेल तर सरळ घरी परतावे. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीनंतर पग कुत्र्यांची केवढी मागणी वाढली होती, ते पालकांना आठवत असेल.

नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट आणि दिवाळीचे फटाके यांचाही हिशेब धरावा. मेंढपाळ जाती आवाजाला फार हळव्या असतात.

वास्कोतील बहुतेक फ्लॅटांसाठी आमचे उत्तर 'नको' असेच आहे. घरात कोणी दिवसभर असेल, अंगण असेल आणि पहाटे धावायची हौस असेल, तर गोष्ट निराळी. इतरांनी आपले गांवठी सुणे पाहावे. आखूड केसांचे, या हवेत मुरलेले, आणि दत्तगुरूंच्या तसबिरीत मानाने उभे. त्यालाही लसी, निर्बीजीकरण आणि वेळ हवाच. गोव्यात 2014 पासून चाललेल्या रेबीजविरोधी मोहिमेमुळे 2021 मध्ये राज्य 'रेबीज-नियंत्रित' जाहीर झाले, तरी दरवर्षीची लस चुकवून चालणार नाही.

ज्यांना तरीही पिल्लू हवे आहे त्यांनी एक सराव करावा. सलग चौदा दिवस पहाटे साडेपाचला उठून पाऊण तास आणि रात्री तेवढाच वेळ, हातात रिकामी दोरी घेऊन, पाऊस असो वा परीक्षा, चालून यावे. रोजची वेळ वहीत लिहून पालकांची सही घ्यावी. वह्या विज्ञानाच्या तासाला आणाव्यात; आम्ही त्या वाचून परत करू.