दुभाषी कोणता निवडावा?



घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि बाजारात दखनी. हैदराबादच्या आपल्या मुलांना दुभाष्याचे काम वेगळे शिकवावे लागत नाही. संगणकातही असा एक दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आपल्या शाळेत मोठ्या वर्गातील मुले चिपमध्ये प्रोग्राम भरतात. प्रोग्राम चुकला की डिबगिंग अ‍ॅडाप्टर लागतो. हा छोटा अ‍ॅडाप्टर एका बाजूने यूएसबीने संगणकाला आणि दुसऱ्या बाजूने जेटॅगच्या तारांनी चिपला जोडतात. मग प्रोग्राम मध्येच थांबवून चिपच्या आत काय चालले आहे ते पाहता येते. मात्र संगणक आणि अ‍ॅडाप्टर यांचे बोलणे ड्रायव्हरशिवाय होत नाही.

ड्रायव्हर दोन प्रकारचे असतात. कंपनीचा ड्रायव्हर बसवायला सोपा असतो आणि अडचण आली तर कंपनीला विचारता येते, पण त्याचा मूळ कोड गुप्त असतो. मुक्त ड्रायव्हरचा कोड कोणालाही वाचता येतो व सुधारता येतो. मुक्त ड्रायव्हरवर चालणारा ओपनओसीडी हा डिबगिंगचा प्रोग्राम २००५ साली जर्मनीतील डॉमिनिक रॅथ या विद्यार्थ्याने आपल्या पदविका प्रबंधासाठी लिहिला. आज तो जगभर वापरतात.

आता एक घडलेली गोष्ट. अनेक अ‍ॅडाप्टरांत स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची चिप असते. बाजारात तिच्या नकलाही पुष्कळ. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजवर आलेल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला. चालते यंत्र संगणकाला ओळखू येईना. नक्कल रोखण्याचा कंपनीला हक्क आहेच, पण शिक्षा मिळाली ती न कळत नकली माल घेतलेल्या ग्राहकाला. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये मात्र त्या शून्य क्रमांकाचीही सोय लवकरच झाली.

मुलांनी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोजवर एका जोडणीवर एका वेळी एकच ड्रायव्हर बसतो. ओपनओसीडीसाठी झाडिग या साधनाने विनयूएसबी हा ड्रायव्हर बसवला, की कंपनीच्या सॉफ्टवेअरला ती जोडणी दिसेनाशी होते. विनयूएसबी मायक्रोसॉफ्टचा आहे, मुक्त नाही, पण मुक्त प्रोग्राम त्यावर चालतात. एफटी२२३२एच चिपमध्ये दोन वाहिन्या असतात. एक ओपनओसीडीला द्यावी, दुसरी सिरियल पोर्टसाठी कंपनीच्या ड्रायव्हरकडे राहू द्यावी. दोघेही सुखाने नांदतात.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती एवढीच की, कोटीच्या बाजारातून अ‍ॅडाप्टर घेताना भावाआधी दोन प्रश्न विचारावेत. चिप अस्सल आहे का? आणि ती मुक्त ड्रायव्हरवर चालते का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कंपनीने उद्या ड्रायव्हर देणे बंद केले, तरी आपली प्रयोगशाळा बंद पडणार नाही. शिवाय शाळेत यंत्र नुसते चालून भागत नाही, ते कसे चालते हे मुलांना उघडून वाचता आले पाहिजे.