उतारवयातील आजारपण आणि विम्याची निवड

बीड जिल्ह्यातील नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. गडाच्या पंचक्रोशीप्रमाणेच जिल्ह्याच्या मोठ्या भागातून कर्ती माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. घरी राहतात ती वृद्ध मंडळी आणि शाळकरी मुले. अशा वेळी एखाद्या वृद्धास रुग्णालयात दाखल करावे लागले, तर मुकादमाकडून उचल घेण्याची पाळी येते आणि तिची फेड पुढील हंगामात कोयत्यावर होते. आरोग्यविमा ही केवळ शहरातील निवृत्तांची बाब नव्हे, ती यासाठी.

वृद्धांपुढे आज साधारणपणे दोन वाटा आहेत : शासकीय योजना आणि विमा कंपन्यांच्या पॉलिसी. यापैकी पहिली वाट आधी पक्की करावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. बीडचा त्यांत समावेश नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसह बीड आदी १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही ती लागू होती. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने हे भेद दूर होऊन सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले.

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. येथे उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीपासून आयुष्मान भारत योजनेत असल्यास सत्तरीवरील व्यक्तींना स्वतंत्र ५ लाखांचे जादा संरक्षण मिळते. मात्र पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढील असल्यास ही रक्कम दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नव्हे. जुना मधुमेह वा हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. खाजगी पॉलिसीच्या तुलनेत ही मोठीच सोय होय. मर्यादाही ध्यानात असाव्यात. उपचार अंगीकृत रुग्णालयातच व्हावे लागतात आणि लाभ मुख्यतः दाखल रुग्णांना मिळतो. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही.

मग खाजगी पॉलिसी कोणी घ्यावी ? निवृत्तिवेतन घेणाऱ्या शिक्षकास वा नोकरदाराच्या आईवडिलांना पसंतीचे रुग्णालय हवे असेल आणि दरवर्षी वाढणारा हप्ता झेपणार असेल, तर तिचा विचार जरूर करावा. पूर्वी ६५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना पॉलिसी देण्याचेच बंधन कंपन्यांवर होते. १ एप्रिल २०२४ पासून सर्व वयोगटांसाठी योजना ठेवण्याचे विमा नियामकाने सांगितले आहे. जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आणला आहे. जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करावयाची झाल्यास कंपनीस आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

तरीही सहासष्टाव्या वर्षी, मधुमेह असताना, प्रथमच पॉलिसी घेणाऱ्यास त्या आजाराचे संरक्षण कदाचित एकोणसत्तराव्या वर्षी मिळेल. तोवर शिधापत्रिकेवरील योजनाच त्याचा आधार आहे. अर्ज भरताना एजंटाच्या सांगण्यावरून मधुमेह लपविणे हा तर आत्मघातच. पुढे दावा फेटाळला जातो तो याच कारणाने. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आणि बिलातील किती हिस्सा रुग्णाने सोसावयाचा, या दोन ओळी सही करण्यापूर्वी वाचाव्यात. तरुण मुलांसह एकत्रित पॉलिसी घेतल्यास हप्ता घरातील थोरल्या व्यक्तीच्या वयावर ठरतो व एका वृद्धाच्या शस्त्रक्रियेत सर्वांची रक्कम संपू शकते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी असलेली बरी. वय वंदना कार्ड मिळाले म्हणून प्रतीक्षाकाळ ओलांडलेली जुनी पॉलिसी मात्र घाईने सोडू नये. खाजगी पॉलिसी असलेल्यांनाही हे कार्ड मिळते.

गावपातळीवरील खरी अडचण निराळीच आहे. वय वंदना कार्डासाठी वय आधारवरील नोंदीनुसार धरले जाते. जन्मतारखेचा दाखला नसल्याने अनेक वृद्धांची तारीख अंदाजे, बहुधा १ जानेवारी, लिहिलेली आढळते. पंचाहत्तरीचा गृहस्थ कागदावर सदुसष्टाचा असेल, तर जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नोंद दुरुस्तीस उपयोगी पडू शकते. ती शोधून देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. दुसरी गोष्ट, आधारशी जोडलेला मोबाईल बहुधा मुलाकडे असतो व तो फडात गेलेला असतो. बोटांचे ठसे झिजलेले असल्यास चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे, हे केंद्रचालकास सांगावे. ग्रामपंचायतींनी कार्डनोंदणीची शिबिरे टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत उरकावीत. अधिक चौकशीसाठी १४५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे, तर अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतात.